तापलेल्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी

मुद्दाम तापवलेल्या बंद खोलीत केल्या जाणाऱ्या आसनांच्या अभ्यासाला ‘हॉट योग’ असे नाव रूढ झाले आहे. नाव एकच असले तरी त्याखाली चालणारे वर्ग एकसारखे नसतात. कुठे खोलीचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सियस ठेवून, एका आसनातून दुसऱ्यात न थांबता जाण्याच्या प्रवाही पद्धतीने सराव घेतला जातो, तर कुठे ते ४० अंशांच्या वर नेऊन नव्वद मिनिटे ठरावीक आसने ठरावीक क्रमानेच केली जातात. पहिल्या वर्गाची तयारी करणाऱ्याने आपण यांपैकी कोणत्या खोलीत जाणार आहोत हे आधी विचारून घ्यावे, कारण सात-आठ अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी शरीराला तो दोन वेगळ्या ऋतूंसारखा जाणवतो. तापमान, आर्द्रता, वर्गाचा कालावधी आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा या चार गोष्टींची स्पष्ट उत्तरे जिथे मिळत नाहीत, तिथे नाव न नोंदवलेलेच बरे.

या प्रकाराचे मूळ कोलकात्यात सापडते. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू बिष्णु चरण घोष यांनी १९२३ मध्ये तेथे शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि आखाड्यातील शरीरसौष्ठव व हठयोगातील आसने यांचा मेळ घालणारी एक शिक्षणपरंपरा उभी केली. त्या परंपरेत तयार झालेले बिक्रम चौधरी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गेले, आणि २६ आसने व दोन श्वसनक्रिया यांचा नव्वद मिनिटांचा क्रम १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४०.५ अंश सेल्सियस तापमानात व ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेत करण्याची त्यांची पद्धत कॅलिफोर्नियातून जगभर पसरली. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात हवेत आहे याचे माप. या क्रमावर आपला स्वामित्वहक्क आहे असा दावा चौधरी यांनी केला होता. परंतु आसनांचा क्रम ही आरोग्यासाठीची एक कार्यपद्धती असून तिच्यावर लेखकाप्रमाणे हक्क सांगता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. पुढल्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील ज्यूरीने लैंगिक छळाच्या प्रकरणात त्यांच्या माजी कायदेशीर सल्लागार महिलेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर अनेक केंद्रांनी त्यांचे नाव टाकून दिले आणि तोच क्रम ‘२६ आणि २’ किंवा नुसता ‘हॉट योग’ म्हणून शिकवणे चालू ठेवले.

उष्णतेच्या समर्थनार्थ पुष्कळदा असे सांगितले जाते की भारतातील हवामान उष्ण असल्याने योग मुळातच उष्णतेत घडला, आणि तापवलेली खोली म्हणजे त्याच वातावरणाची परदेशातील प्रतिकृती होय. हे म्हणणे ग्रंथांशी जुळत नाही. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त, म्हणजे साधारण पंधराव्या शतकातील ज्या ग्रंथावर लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेने दीर्घ संशोधन करून चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली त्या ग्रंथात, साधनेच्या आरंभी अग्नीचे सेवन, लांबचा प्रवास, उपवास आणि शरीराला क्लेश देणारी कर्मे टाळावीत असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळून जिरवावा असा निर्देश आहे, म्हणजे घाम हा अभ्यासातून उपजणारा परिणाम मानला आहे. तो बाहेरून ओढून काढण्याची कल्पना तेथे दिसत नाही. पुण्यातून जगभर गेलेल्या परंपरेचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार यांनीही ‘लाइट ऑन योगा’ या १९६६ च्या ग्रंथात पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ अभ्यासाला उत्तम मानली आणि कित्येक तास कडक उन्हात राहून आल्यावर आसने करू नयेत असे बजावले. हॉट योग हा अशा रीतीने विसाव्या शतकातील नवा प्रकार आहे. नवा असणे हा दोष नव्हे. मात्र प्राचीनतेच्या भरवशावर शरीराची काळजी सैल सोडता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

तयारीचे सर्व नियम एका मूलभूत गोष्टीतून निघतात, ती म्हणजे शरीर स्वतःला थंड कसे ठेवते. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्याचे काम मेंदूतील हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग करतो. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते आणि भोवतालची हवा त्याहून थंड असली की त्वचेतून उष्णता आपोआप बाहेर जाते. पंख्याखाली बसल्यावर वाटणारा दिलासा बऱ्याच अंशी याच वाटेने मिळतो. खोलीची हवा ४० अंशांची झाली की ही वाट बंद होते, इतकेच नव्हे तर उलटी वाहू लागते आणि हवेतील उष्णता शरीरात शिरते. अशा वेळी एकच मार्ग शिल्लक राहतो, तो घामाच्या बाष्पीभवनाचा. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाफ होऊन उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. या हिशेबातील महत्त्वाचा शब्द ‘उडाला’ हा आहे, कारण जो घाम थेंबाथेंबाने चटईवर गळतो तो पाणी आणि मीठ दोन्ही घेऊन जातो, परंतु शरीराला जवळजवळ काहीच थंडावा देत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा नियम घरातल्या वस्तूंवरून परिचित आहे. मातीच्या माठातले पाणी थंड होते ते माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी उडून गेल्याने, आणि वाळ्याचे पडदे लावलेला कूलर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली गार करतो तो याच तत्त्वाने. तोच कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो, कारण समुद्रकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी उडायला वाव उरत नाही. हॉट योगाच्या खोलीत तापमान विदर्भातल्या उन्हाळ्यासारखे असते, परंतु हवेतील वाफेचे प्रत्यक्ष प्रमाण कोकणपट्टीच्या उन्हाळ्याजवळ जाते, म्हणजे महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणच्या दोन अडचणी तेथे एकाच चार भिंतींत येतात. त्यातच वीस-पंचवीस माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ मिसळत गेल्याने, आणि हवा खेळती नसेल तर विशेषच, वर्गाच्या शेवटच्या अर्ध्या तासात आर्द्रता आरंभापेक्षा अधिक असू शकते. पहिल्या वीस मिनिटांत काहीच त्रास झाला नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे नवख्याने धरून चालू नये.

घामाइतकेच काम हृदयाला पडते. उष्णता त्वचेपर्यंत आणण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा मोठा वाटा तिकडे वळतो, त्याच वेळी आसनातील स्नायूही रक्त मागत असतात, आणि घामामुळे रक्तातील द्रवाचे प्रमाण घटत असते. ही तिहेरी मागणी पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. खाली वाकलेल्या स्थितीतून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळेच, कारण रुंदावलेल्या वाहिन्यांतून रक्त पायांकडे ओसरते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो.

इतक्या ताणाच्या मोबदल्यात काय मिळते, हे पाहण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात आठ आठवड्यांच्या सरावानंतर निरोगी तरुणांची लवचिकता, तोल आणि काही प्रमाणात ताकद वाढलेली आढळली, मात्र दमश्वास, म्हणजे प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, वाढली नाही. नव्वद मिनिटांत खर्च होणारी ऊर्जाही स्त्रियांत सरासरी ३३० आणि पुरुषांत ४६० किलोकॅलरींच्या आसपास भरली. ती भराभर चालण्याच्या व्यायामाशी तुलना करण्याजोगी आहे. सर्वांत बोलका प्रयोग २०१८ मध्ये टेक्सासमधून प्रसिद्ध झाला. बैठी जीवनशैली असलेल्या मध्यमवयीन व्यक्तींच्या एका गटाने तोच २६ आसनांचा क्रम ४०.५ अंशांत आणि दुसऱ्याने २३ अंशांत बारा आठवडे केला, आणि रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत झालेली सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली. मॅसॅच्युसेट्समधील २०२३ च्या एका चाचणीत आठ आठवड्यांच्या उष्ण योगानंतर नैराश्यग्रस्तांपैकी ४४ टक्के व्यक्तींची लक्षणे जवळपास ओसरल्याचे दिसले, हा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु त्यांची तुलना उपचाराची वाट पाहणाऱ्या गटाशी केलेली असल्याने गुण योगाचा किती आणि उष्णतेचा किती हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. आज हाती असलेल्या पुराव्यावरून एवढे म्हणता येते की लाभाचा मोठा भाग आसनांचा आहे आणि धोक्याचा मोठा भाग उष्णतेचा.

त्या धोक्याचेही मोजमाप झाले आहे. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या २०१५ च्या अभ्यासात २० सरावलेल्या व्यक्तींनी गोळीच्या आकाराचा तापमापक गिळून पूर्ण वर्ग केला, तेव्हा त्यांपैकी सात जणांच्या शरीराच्या आतले तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेले आणि एका पुरुषात ते १०४.१ अंशांपर्यंत, म्हणजे ४० अंश सेल्सियसच्या किंचित वर पोहोचले. कोणालाही उष्माघात झाला नाही, पण ज्या टप्प्यावर उष्माघाताची शंका घ्यायची तो टप्पा आणि नेहमीचा वर्ग यांतले अंतर किती थोडे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. ‘घामावाटे शरीरातील विषे निघून जातात’ हे जाहिरातींमधले विधान मात्र शरीरशास्त्राला धरून नाही; घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात, ज्यांना पाण्याची टंचाई झाली तर उलट त्रासच होतो. वर्गानंतर वजनकाट्यावर दिसणारी घटही पाण्याची असते आणि पाणी प्यायल्यावर ती भरून निघते.

यानंतर तयारीची पहिली पायरी येते, ती म्हणजे आपण जावे की नाही हे ठरवणे. गर्भवती स्त्रियांनी हा प्रकार टाळावा. गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत मातेच्या शरीराचे तापमान फार वाढल्यास गर्भाच्या मज्जारज्जूच्या विकासात दोष राहण्याचा संभव वाढतो, आणि अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना गरोदरपणात तापवलेल्या खोलीतील योग स्पष्टपणे नाकारते. हृदयविकार, नियंत्रणात नसलेला किंवा मुळात कमी असलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, अपस्मार आणि पूर्वी झालेला उष्माघात यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून जाऊ नये. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारात शरीराचे तापमान थोडे वाढले तरी दृष्टी अंधुक होणे, हातपाय गळून जाणे अशी लक्षणे तात्पुरती उफाळतात, आणि त्यांपैकी श्रमानंतर दृष्टी अंधुक होण्याचे लक्षण जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते.

औषधांकडे सहसा लक्ष जात नाही, म्हणून त्यांचा उल्लेख सविस्तर करणे योग्य ठरेल. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी व मीठ आधीच कमी करत असतात. बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या हृदयाच्या ठोक्यांना वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे उष्णतेची वाढीव मागणी पुरवणे हृदयाला जड जाते. सर्दी-ॲलर्जीवरील जुन्या, झोप आणणाऱ्या काही गोळ्या घामच कमी करतात. मनोविकारांत दिले जाणारे लिथियम शरीर कोरडे पडताच रक्तात साचून विषारी पातळी गाठू शकते, आणि मधुमेहात टोचलेले इन्सुलिन गरम झालेल्या त्वचेखालून नेहमीपेक्षा वेगाने रक्तात उतरून साखर अचानक खाली नेऊ शकते. रोज एक जरी गोळी घेत असलेल्या व्यक्तीने ती गोळी घाम, लघवी, ठोके किंवा साखर यांपैकी कशावर काम करते हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिल्या वर्गाचा दिवस ठरवू नये. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप झाली असेल तर तो दिवस पुढे ढकलावा, आणि आदल्या रात्री मद्यपान झाले असेल तरीही तसेच करावे.

पाण्याची तयारी वर्गाच्या दारात उभे राहून करता येत नाही. ऐनवेळी गटागटा प्यायलेले पाणी पोटात डुचमळते आणि पुढे झुकण्याच्या आसनांत मळमळ आणते. क्रीडावैद्यकातील सर्वमान्य शिफारस अशी की श्रमाच्या सुमारे चार तास आधी शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ते ७ मिलिलिटर पाणी सावकाश प्यावे, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ३०० ते ४२० मिलिलिटर. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर आणखी थोडे प्यावे. एवढी साधी खूण कोणत्याही यंत्राइतकी कामाची आहे. उलट टोकाची चूकही घडते. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटत जाते आणि डोकेदुखी, उलटी, भ्रम अशी, उष्णतेच्या त्रासासारखीच दिसणारी परंतु उपायाने अगदी विरुद्ध असलेली स्थिती उद्भवते. लहान चणीच्या व्यक्तींना हा धोका अधिक असतो.

घामात पाण्याबरोबर मीठ जाते, म्हणून भरपाईतही दोन्ही हवीत. त्यासाठी महागडी रंगीत पेये आणण्याची गरज नाही. मीठ घातलेले ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा मीठ व जिरेपूड घातलेले कोकम सरबत हे काम उत्तम करतात. मीठ आणि साखर एकत्र घेण्यामागे शास्त्र आहे, कारण आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्या दोघांमागे पाणी ओढले जाते. याच तत्त्वावरील ओआरएस या द्रावणाने १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले. ज्या बंगालातून हॉट योग निघाला त्याच बंगालात ओआरएसची ही कसोटीही पार पडली. ओआरएसची पुडी वापरायची झाल्यास ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी खाण्यास सांगितले आहे त्यांनी मिठाची ही भर स्वतःच्या मनाने घालू नये.

आहाराचा नियम सोपा आहे. पूर्ण जेवण आणि वर्ग यांत तीन तासांचे अंतर असावे, आणि दीड-दोन तास आधी केळे, वाटीभर पोहे किंवा मऊ भात असे हलके काही घेतलेले चालते. भरल्या पोटी पचनसंस्था रक्त मागते, तर अगदी रित्या पोटी गरगरते. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्रातील उपवासाचा दिवस पहिल्या वर्गासाठी निवडणे सर्वथा अयोग्य, आणि याबाबत आधुनिक शरीरशास्त्राचे व ‘हठप्रदीपिके’चे मत एकच आहे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र नेहमीच्या योगवर्गातील सल्ला येथे उलटतो. साध्या खोलीत सैल सुती कपडे उत्तम ठरतात, परंतु उष्ण खोलीत सूत घाम शोषून जड होते, अंगाला चिकटते आणि त्याखालची त्वचा कोरडी होऊ देत नाही. त्यापेक्षा खेळाडू वापरतात तसले, घाम पसरवून लवकर उडू देणारे, अंगाबरोबर बसणारे आणि शक्य तितके थोडे कपडे घालावेत. अंगाला तेल किंवा जाड क्रीम लावून जाऊ नये, कारण त्याने हात-पाय निसटतात. चटईवर तिच्याच लांबीचा टॉवेल अंथरणे आवश्यक असते. ओल्या रबरी चटईवरून पाय घसरणे हे दुखापतीचे अगदी टाळता येण्याजोगे कारण आहे. तोंड पुसण्यासाठी सुती पंचा चांगला, मात्र प्रत्येक थेंब टिपत बसू नये, कारण अंगावरचा घाम पुसणे म्हणजे उडून थंडावा देणार असलेले पाणी काढून टाकणे. दागिने आणि घड्याळ घरी ठेवावे. चटई आणि टॉवेल स्वतःचेच असावेत, कारण ओलसर उबेत बुरशीजन्य त्वचारोग, विशेषतः गजकर्ण, सहज पसरतात.

प्रत्यक्ष वर्गाला पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचून शिक्षकांना ‘हा पहिलाच वर्ग आहे’ हे आणि काही आजार असल्यास तोही सांगावा. जागा मागच्या ओळीत, दाराजवळ आणि गरम हवा फेकणाऱ्या झोतापासून दूर घ्यावी. ‘२६ आणि २’ या क्रमात आरंभी उभ्याने दीर्घ श्वसन, मग अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन अशी उभी आसने जवळजवळ पाऊण तास चालतात, शवासनानंतर जमिनीवरची मालिका सुरू होते आणि कपालभातीने शेवट होतो. बहुतेक आसने दोनदा केली जातात. नावांची थोडी गफलत होण्याजोगी आहे, कारण ज्याला येथे ताडासन म्हणतात ते एका पायावरचे, महाराष्ट्रातील अभ्यासकाला वृक्षासनाच्या जवळचे वाटणारे आसन असते. अनेक वर्गांत पाणी पिण्याचा पहिला थांबा गरुडासनानंतर येतो, परंतु तहान लागली असता त्या थांब्याची वाट पाहण्याचे बंधन नवख्याने मानू नये.

किती जोर लावायचा, या प्रश्नाचे उत्तर आयुर्वेदाने फार पूर्वी दिले आहे. बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने, तोही थंडीत व वसंतात करावा, आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. अर्धी शक्ती संपल्याची खूण म्हणून परंपरेत कपाळावर, नाकावर व काखेत घाम येणे सांगितले जाते, तर ‘सुश्रुतसंहिते’त श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे लक्षण दिले आहे. तापवलेल्या खोलीत पहिली खूण फसवी ठरते, कारण काहीही न करताच घाम येतो. दुसरी मात्र तेथेही तंतोतंत लागू पडते. नाकाने संथ चाललेला श्वास तुटून तोंडाने धापा टाकाव्या लागल्या की आसन सोडावे, गुडघ्यांवर किंवा मांडी घालून बसावे, आणि श्वास पुन्हा नाकाने चालू लागेपर्यंत उठू नये. गरम हवा वर चढत असल्याने जमिनीजवळ थोडा उतारही पडतो.

उष्णतेचा आणखी एक परिणाम सुखद असल्याने अधिक फसवा आहे. स्नायू व त्यांभोवतालच्या पडद्यांचा घट्टपणा तापल्यावर कमी होतो आणि ताणाची वेदनाही बोथट होते, त्यामुळे एरवी गुडघ्यांपर्यंत पोहोचणारे हात पहिल्याच दिवशी पावलांना लागतात. हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंध मात्र स्नायूंसारखे लवचिक नसतात, आणि ते प्रमाणाबाहेर ताणले गेले तर सांधा कायमचा सैल राहू शकतो. एका पायावरच्या आसनांत गुडघा पूर्ण ताठ करण्याची सूचना मिळते, तेव्हा ज्यांचा गुडघा मुळातच मागे झुकतो त्यांनी तो किंचित मोकळा ठेवावा. उष्ट्रासनात मान मागे जात असताना मळमळ किंवा गरगर होणे नवख्यांत वारंवार आढळते; हात कंबरेवर ठेवून थोडेच मागे वळणे पहिल्या दिवशी पुरेसे आहे.

थांबणे आणि बाहेर पडणे यांतला भेद माहीत असणे सर्वांत महत्त्वाचे. डोके हलके होणे, मळमळ, पायात पेटके येणे ही लक्षणे बसल्यावर काही मिनिटांत ओसरली नाहीत तर खोलीबाहेर जावे, सावकाश आणि कोणाला तरी सांगून, कारण अंधारी आलेला माणूस एकटा स्नानगृहात कोसळण्याचा धोका असतो. अंगावर काटा येणे, तापल्या खोलीत थंडी वाजणे, बोलणे अडखळणे, आपण कुठे आहोत याचे भान सुटणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा व्यक्तीला तत्काळ थंड जागी न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून पंख्याने वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. काहीही झाले तरी खोली सोडायची नाही, अशी शिस्त या प्रकारात दीर्घकाळ कौतुकाने सांगितली गेली आहे. ती शिस्त चुकीची आहे. दारात अडवणारा शिक्षक कितीही नामांकित असला तरी त्याचे त्या क्षणी ऐकू नये.

वर्गानंतर लगेच थंडगार पाण्याखाली धावण्यापेक्षा दहा मिनिटे बाहेरच्या हवेत बसून मग कोमट पाण्याने स्नान करावे. वर्गापूर्वी आणि नंतर, ओले कपडे काढून व अंग पुसून, वजन केल्यास गेलेल्या पाण्याचा नेमका अंदाज येतो. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि भरपाई त्याच्या दीडपट द्रवाने, पुढच्या काही तासांत घोटाघोटाने व खारट काही खात करावी. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट दिसली तर पुढल्या वेळी कमी तापमानाचा किंवा कमी वेळाचा वर्ग निवडणे शहाणपणाचे.

दुसरा वर्ग किमान एक दिवस सोडून ठेवावा. उष्णतेची सवय शरीराला सात ते चौदा दिवसांच्या नियमित संपर्काने लागते. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रव वाढतो, ठोक्यांची धावपळ कमी होते, मग घाम लवकर, जास्त आणि कमी खारट येऊ लागतो. हा बदल टिकाऊ नसतो. संपर्क तुटल्यावर तो काही आठवड्यांत मावळतो, त्यामुळे महिनाभराच्या खंडानंतर परतणाऱ्याने, त्याने आधी शंभर वर्ग केलेले असले तरी, पुन्हा मागच्या ओळीत दाराजवळची जागा घ्यावी.